नाल्याचं नाव

बेहडटोल्यात नाले लिहून घेणारा माणूस आला, त्या दिवशी घरातली दोन्ही पुरुषमाणसं भंडाऱ्याला गेली होती. म्हाताऱ्या गोमाजीचा डोळा आठ दिवसांपासून लाल होऊन गळत होता. झाडपाला झाला, शेजारच्या बाळंतिणीचं दूध घालून झालं, शेवटी इश्वरनं बैल जुंपून बापाला खासरात घालून करडीच्या फाट्यावर नेलं आणि तिथून एस्टीनं दवाखान्यात. मागं राहिली सून रुखमा, सहा वर्षांची एक पोरगी आणि भाताच्या चार बांध्यांतला चिखल. सरकारचा माणूस यायचा तर यावा, पण त्यानं ऐन भात रोवण्याच्या धांदलीत यावं हे सरकारलाच जमतं.

श्रावण लागून दहा दिवस झाले होते आणि पावसानं पाठ फिरवली होती. गावात ज्याच्या त्याच्या बांधीला भेगा पडायला लागल्या होत्या. गोमाजीच्या बांध्यांत मात्र घोट्याभर पाणी होतं, कारण टेकडीच्या पायथ्याचा झिरा अजून जिवंत होता. झिऱ्यातून नाला निघायचा, तो आधी ह्यांच्या बांध्यांतून यायचा, मग खाली कृष्णरावाच्या बोडीत, म्हणजे लहानशा तळ्यात, पडायचा आणि बोडी भरली की सांडव्यावरून पुढं गावाकडं जायचा. ह्यांनी नाल्यात मातीचा अडवा घालून आपल्या बांध्या भराव्या, मग अडवा काढावा, ही गावाची चाल. पहिलं पाणी गोमाजीचं. चाळीस वर्षांत त्यावर कोणी ब्र काढला नव्हता.

रुखमा वाकून पऱ्हे, रोवायची रोपं, उपटत होती. कंबर मोडून आली होती. तेवढ्यात बांधीच्या कडेच्या धुऱ्यावरून आवाज आला.

"बाई, घरी माणूस नाही का कोणी?"

तिनं पदर पुढं ओढला आणि मान वर केली. छत्री, काखेत मोठं रजिस्टर, पायात काळे बूट. बुटांना चिखल लागू नये म्हणून तो धुऱ्यावर बगळ्यासारखा एकेक पाय उचलून ठेवत होता.

"भंडाऱ्याले गेले."

"तालुक्यातल्या साऱ्या नद्या-नाल्यांची नोंद चालू आहे. नाव काय, निघतो कुठून, पाणी कोण घेतं. सोबत तुमचा कोतवाल होता, भैय्यालाल. त्याची सायकल पंक्चर झाली अन् तो बसला गावात. तुम्हीच सांगा. ह्या नाल्याचं नाव काय?"

आता झाली पंचाईत. नाल्याचं नाव लहान पोरगंही सांगेल. गोमाजीचा नाला. पण गोमाजी म्हणजे रुखमाचा सासरा, आणि सासऱ्याचं नाव सून घेत नाही. लग्न होऊन आली तेव्हा सासूनं पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, की मोठ्याचं नाव तोंडानं घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं. सासू मरून नऊ वर्षं झाली, पण बजावणी जागच्या जागी होती. घरात गोम निघाली तर रुखमा "शंभर पायाची निघाली" म्हणून ओरडायची. बैलाला गोमाशी चावली तर ती नुसती "ते माशी". बारा वर्षांत एकदाही जीभ घसरली नव्हती आणि ह्याचा तिला थोडा ताठाही होता.

"आमच्या मामाजीच्या नावाचा हाय," ती म्हणाली.

"मामाजीचं नाव काय?"

रुखमानं हातातल्या पऱ्ह्यांची जुडी बांधली. मग दुसरी बांधली. "गावात कोनालेही विचारा. सांगतीन."

"गाव मागं राहिलं, बाई. अजून तीन गावं करायची आहेत मला आजच्या आज."

"मंग मामाजीचा नाला लिहा."

माणूस हसला. वाईट हसला नाही, पण हसला. "अहो, गावोगावच्या सुना मला मामाजीचाच नाला सांगतील. वरचे अधिकारी म्हणतील, हा मामाजी कोण, साऱ्या तालुक्याचा? दुसरं नाव असेल काही. खाली कुठं जातो हा?"

"बोडीत जाते. कृष्णरावच्या."

"मग बोडीचा नाला म्हणत असतील."

"म्हनत असतीन," रुखमा म्हणाली.

एवढंच ती म्हणाली. त्यानं लगेच लिहिलं. मग विचारलं, "उगम कुठं?" तिनं चिखलाचा हात वर करून टेकडी दाखवली. माणसानं टेकडीकडं पाहिलं, मधल्या चार बांध्यांच्या चिखलाकडं पाहिलं, मग आपल्या बुटांकडं पाहिलं. बोडीचा नाला म्हटल्यावर तो बोडीतूनच निघणार, हे त्याला पटलं असावं. त्यानं तसं लिहिलं, तिला हात धुवायला लावले आणि शाईच्या डबीत अंगठा बुडवून रजिस्टरवर उठवला. रुखमाला हायसं वाटलं. पायातला काटा निघाल्यावर वाटतं तसं. छत्री पळसाच्या झुडपांमागं दिसेनाशी झाली. तेव्हा मात्र पळत जाऊन त्याला थांबवावं असं तिला वाटलं, पण थांबवून सांगायचं काय, हा प्रश्न तसाच होता.

संध्याकाळी खासर आलं. गोमाजीच्या डोळ्यावर पांढरी पट्टी होती आणि जीव मात्र आनंदात, कारण गावात शिरतानाच भैय्यालालनं त्याला बातमी दिली होती. ओसरीवर टेकल्या टेकल्या त्यानं आत आवाज दिला. सुनेशी बोलताना तो नेहमी भिंतीकडं तोंड करून बोलायचा.

"नाले लिवनारा आला होता म्हनते?"

"हो जी," रुखमा दाराआडून म्हणाली.

"लिवलं नाव?"

"लिवलं."

खोटं नव्हतं. नाव लिहिलं होतं.

म्हातारा जेवायला बसला तो बोलतच राहिला. इश्वरनं ती गोष्ट शंभरदा ऐकली होती. कसा एका उन्हाळ्यात झिऱ्याच्या तोंडावरचा मोठा काळा गोटा फोडायला तो बसला, कसं लोक येऊन हसून जायचे, कशी दोन महिन्यांत लोखंडी सब्बल वीतभर झिजली, आणि एके दिवशी गोटा दुभंगला तेव्हा पाणी कसं गुडघ्याला येऊन लागलं. त्याच्या आधी नाला दिवाळीलाच आटायचा. त्यानंतर तो होळीच्या पुढंही वाहायला लागला, आणि लोकच आपणहून गोमाजीचा नाला म्हणू लागले.

"आता सरकारच्या वहीत गेलं," म्हातारा लाखोळीच्या डाळीत भात कालवत म्हणाला. "मी गेलो तरी राहीन."

रुखमानं त्याच्या ताटात न मागता आणखी भात वाढला. तिला स्वतःला दोन घासही गेले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून रोवणं सुरू झालं. सहा बाया एका रांगेत वाकून मागं मागं सरकत होत्या. रुखमाचा हात गावात सगळ्यांत चलाख, पण आज तिच्या ओळी वाकड्या जात होत्या. कधी दोन काड्या लावायची, कधी सात. एकदा तिनं लावलेलंच पुन्हा उपटलं. शेजारी मंदाबाई होती. वयानं मोठी, तोंडानं त्याहून मोठी.

"काय झालं ओ तुले? भूत लागल्यावानी करून राहिली."

रुखमाला कोणाला तरी सांगायचंच होतं. तिनं हळूच सारं सांगितलं. मंदाबाई पोट धरून हसली.

"अवो, माया मालकाचं नाव विचारलं होतं रेशन कार्डवाल्यानं. मी म्हटलं, आता कोनता महिना चालू हाय? त्यानं म्हटलं, श्रावन. म्हटलं, बस, थेच. तुई गोष्ट कठीन हाय. तुया मामाजीच्या नावाचा महिनाच नाई."

बाकीच्या बायाही हसल्या. मग मंदाबाईनं गंभीर होऊन विचारलं, "पन कायले घाबरून राहिली? एका नावानं काय होते?"

"काई नाई होत," रुखमा म्हणाली. पण तिला ते खरं वाटत नव्हतं.

इकडं म्हातारा डोळ्यावर पट्टी लावून गावभर फिरत होता. पारावर, पिठाच्या गिरणीवर, जो भेटेल त्याला सांगत होता, आपला नाला मोहाडीच्या कचेरीत गेला म्हणून. कोणी येऊन तिच्याजवळ म्हणालं, "काय बाई, सासऱ्याचं नाव मोठं केलं तुवा," की रुखमाला वाटायचं, बांधीच्या चिखलानं गिळावं आपल्याला. रात्रीचं सोडाच, दिवसाही तिला एका जागी बसवेना. भाकरी तव्यावर करपायची. झाडलेलं अंगण ती पुन्हा झाडायची. पोरगी काही विचारायला आली की खेकसायची आणि मग तिला जवळ घेऊन उगाच तिचे केस विंचरत बसायची.

एका दुपारी बाया जेवायला बसल्या तेव्हा ती एकटीच झिऱ्याकडं गेली. बेहड्याच्या मोठ्या झाडाखाली दुभंगलेला गोटा होता, अजून त्यावर सब्बलीचे घाव दिसत होते. आजूबाजूला कोणी नाही हे तिनं दोनदा पाहिलं. मग पाण्याकडं तोंड करून म्हणून पाहिलं. "गो" एवढं निघालं. पुढचं अक्षर येईना, नुसता खोकला आला. डोळ्यांपुढं म्हातारा दिसला, हातपाय ताणून अंगणात निजवलेला. तिनं घाईघाईनं पाण्याला हात जोडले आणि पळत खाली आली.

कागद म्हणजे दडलेला विंचू, नांगी दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. पाचव्या दिवशी ग्रामपंचायतीत नाल्यांची यादी लागली. सहाव्या दिवशी सकाळी कृष्णराव धुऱ्यावर आला. पांढरं धोतर, हातात काठी, बोलणं गुळासारखं. तो वाईट माणूस होता असं नाही. त्याच्याही बोडीचं पाणी खाली बसलं होतं, त्याच्या बांध्यांतही भेगा होत्या आणि बोडीखाली आणखी बारा घरांची शेतं होती.

"इश्वर, अडवा काढ बाबू. पानी खाली येऊ दे."

इश्वर चिखल करायला फण मारत होता. त्यानं बैल थांबवले. "दोन बांध्या राहिल्या, कृष्णरावजी. मंग काढतोच ना. पयलं पानी आमचं हाय."

"होतं. आता कागद वेगळा बोलते. ग्रामपंचायतीत जाऊन वाच. 'बोडीचा नाला, उगम बोडी.' बोडीच्या वरतं नालाच नाई कागदावर, तर अडवा कायचा घालते तू? पुढच्या सालात सरकार बोडीले दार बसवनार हाय. पान्याची पाळी त्या कागदावरून लागनार."

"कोन लिवलं असं?" इश्वरचा आवाज चढला. "कोन सांगतलं त्याले?"

"मी तं नाई सांगतलं." कृष्णराव रुखमाकडं न पाहता म्हणाला, "तुयाच घरचा अंगठा हाय त्याच्यावर."

सहा बायांचे हात थांबले. इश्वरनं वळून पाहिलं. रुखमा वाकली होती तशीच वाकून राहिली. चिखलात तिचे पाय गार पडले होते आणि तोंड मात्र भाजत होतं. इतक्या लोकांत नवऱ्यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. त्यानं नुसते बैल सोडले, चिखलाच्या पायांनीच गावाकडं निघाला.

भैय्यालाल कोतवालाला घेऊन तो मोहाडीला गेला, हरकतीचा अर्ज दिला आणि दिवस मावळता परत आला. येत्या गुरुवारी साहेब गावात येऊन चौकशी करणार होते. तोवर भांडण नको म्हणून भैय्यालालनं मध्यस्थी केली आणि अडवा अर्धा फोडायचं ठरलं. इश्वरनं स्वतःच्या हातानं फावडं मारलं. पाणी खळखळत खाली गेलं आणि न रोवलेल्या दोन बांध्यांचा चिखल उघडा पडला.

घरी येऊन मात्र तो फुटला.

"नाव घेतलं असतं तं जीभ झडली असती काय तुई? दोन अक्षरं जास्त बोलली असती तं काय झालं असतं? पऱ्हे पिवळे पडून राहिले तिकडे. सालभर काय खाशीन? लाज?"

रुखमा चुलीपुढं बसली होती. तिला म्हणायचं होतं, की तुमच्याच आईनं शिकवलं मला. तिला म्हणायचं होतं, तुम्ही दोघंही घरी नव्हते आणि त्या माणसाच्या बुटाला चिखल लागत होता, त्याचा दोष माझ्या माथी कशाला. तिनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

ओसरीवरून म्हातारा बोलला. "गप राय, इश्वर."

"बाबा, पानी गेलं आपलं."

"जाऊ दे. बरं केलं तिनं. सासऱ्याचं नाव सून घेते काय कुठं? तुई माय जलमभर माया बापाचं नाव नाई घेतली."

"मंग गुरुवारी काय सांगन ती साहेबाले?"

"काईच नाई सांगन. माई सून पंचायतीपुढं उभी राहून माया नावानं बोंबलन, अन् मी आयकत बसू? नाला गेला उडत."

त्या आठवड्यात म्हातारा पारावर गेला नाही. गिरणीवर गेला नाही. सकाळी उठून झिऱ्यावर जायचा आणि तिथंच दिवस काढायचा. रुखमा त्याची भाकर घेऊन जायची. तो गोट्याच्या फटीत हात घालून कुजलेली पानं काढत बसलेला असायचा. पानं काढून संपली की खालची रेती उकरायचा. ती भाकर ठेवून मागं सरायची. तो तिच्याकडं पाठ करूनच म्हणायचा, "ठेव तिथं, बाई." अर्धी भाकर तशीच परत यायची.

बुधवारी ती तशी परतीची भाकर घेऊन खाली येताना मध्येच धुऱ्यावर बसली आणि रडली. तिला म्हाताऱ्याची दया आली होती, तेवढाच त्याचा रागही आला होता. नाव वहीत हवं, पण ते सुनेच्या तोंडात नको. मग वहीत ते आकाशातून पडणार होतं काय? खाली रिकाम्या बांधीत बैलांच्या खुरांचे खड्डे वाळत होते. तिनं एका खड्ड्यात बोट घातलं. वरची साय कडक झाली होती, आत ओल होती अजून. आणखी तीन-चार दिवस, मग फणही चालणार नव्हता.

गुरुवारी ग्रामपंचायतीच्या पडवीत टेबल मांडलं. साहेब आनंदराव म्हणून होते, कारध्याकडचे, चष्मेवाले, सावकाश बोलणारे. त्यांनी आल्याबरोबर पाणी मागितलं, घाम पुसला आणि कागद वाचून दाखवला. पडवीच्या पायऱ्यांवर, खाली अंगणात, अर्धं गाव जमलं होतं. बोडीखालची बारा घरं एका बाजूला होती. मंदाबाई रुखमाला कोपराला धरून घेऊन आली होती. गोमाजीही आला होता. येणार नाही म्हणता म्हणता आला आणि सून सभेत उभी आहे म्हणून पडवीच्या कडेला, सगळ्यांकडं पाठ करून, रस्त्याकडं तोंड करून बसला.

इश्वरनं सगळं सांगितलं. नाव सांगितलं, झिरा सांगितला, सब्बल सांगितली.

"तुमचं म्हणणं मी लिहून घेतलं," आनंदराव म्हणाले. "पण माहिती दिली त्या दिवशी तुम्ही हजर नव्हते. अंगठा बाईंचा आहे. आधीचं चुकलं आणि खरं हे आहे, असं त्यांनी स्वतः सांगायला पाहिजे. मग मी दुरुस्ती करतो."

"माई काई हरकत नाई, साहेब," कृष्णराव लगेच म्हणाला. "बाई आपल्या तोंडानं सांगन थे मले मंजूर."

तो इतक्या मोठ्या मनानं का बोलला हे अंगणातल्या प्रत्येक बाईला कळलं. आनंदरावांनाही बहुधा कळलं. ते म्हणाले, "बाई, मी नाव वाचतो. बरोबर असेल तर मान हलवा."

"मान तं बैलही हलवते, साहेब," कृष्णराव म्हणाला. लोक हसले. "उद्या कोनी म्हनन, मच्छर चावला म्हनून हलवली. एकदा असंच अर्धंमुर्धं बोलली, तवा तं हे झालं. आता सांगू द्या पुरं."

आनंदरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "म्हणणं बरोबर आहे त्यांचं. बाई, सांगा. नाल्याचं नाव काय?"

रुखमानं पदर घट्ट धरला होता. तिला समोर टेबलाचे पाय दिसत होते आणि त्यापलीकडं म्हाताऱ्याची पाठ. सदऱ्यातून पाठीचा कणा दिसत होता. मान खाली गेली होती.

"साहेब," म्हातारा न वळताच बोलला, "राहू द्या. नोका विचारू तिले. बोडीचा तं बोडीचा. आमचं काई म्हननं नाई."

इश्वर ताडकन उठला. "बाबा, काय बोलून राहिले तुमी?"

"मी म्हनतो ना, राहू द्या."

आनंदराव रुखमाकडं पाहत राहिले. भैय्यालालनं खाकरून घसा साफ केला. कृष्णरावानं काठी दुसऱ्या हातात घेतली, निघायच्या तयारीनं. आणि रुखमाला एकाएकी दिसलं, की हा म्हातारा आता घरी जाईल, उद्या झिऱ्यावर जाईल, पानं काढील, आणि पुढल्या वर्षी कागदावरच्या नाल्याला त्याची काही गरज उरणार नाही. आयुष्य कमी व्हायचं ते असंही होऊनच राहिलं होतं. नाव न घेता.

तिनं तोंड उघडलं. ओठ हलले. आवाज तिच्या तिलाच ऐकू आला.

"मोठ्यानं, बाई," आनंदराव हळूच म्हणाले. "लोकांना ऐकू गेलं पाहिजे."

"काय म्हनली?" मागून कोणीतरी विचारलं.

रुखमानं पदर सोडला. भर दुपारी एका धुऱ्यावरून चार बांध्यांपलीकडच्या माणसाला बोलवायचं असतं, तेव्हा बाया जसा पोटातून आवाज काढतात, तसा तिनं काढला.

"गोमाजी!"

आणि पडवीच्या कडेला पाठमोऱ्या बसलेल्या म्हाताऱ्यानं, पंचाहत्तर वर्षं जशी दिली तशीच, मान वर करून ओ दिली.

"ओ."

मंदाबाईला हसू फुटलं, तिनं तोंडात पदर कोंबला. बाकी कोणी हसलं नाही. म्हातारा स्वतःच दचकला होता. त्याचा हात पट्टीवर गेला, पट्टी त्यानं नीट केली, ती काही सरकलेली नव्हती. कृष्णराव जमिनीकडं पाहत उभा होता. त्यानं काठी टेकवली आणि पायरीवर बसला.

"गोमाजीचा नाला," रुखमा म्हणाली. "त्या दिवशी मी चुकीचं सांगतलं."

आनंदरावांनी आधीच्या ओळीवर रेघ मारली, वर नवीन लिहिलं, बाजूला सही केली. सगळ्यांना टाकाची कुरकुर ऐकू येत होती.

"उगम?" त्यांनी विचारलं. रुखमा जरा थांबली तशी त्यांनी पडवीच्या कडेला मान वळवली. "आजोबा, हे तरी तुम्ही सांगता का? गोटा तुम्हीच फोडला म्हणतात."

गोमाजी हात टेकून हळूहळू उठला. गुडघे वाजले. तो वळला, टेबलाकडं एक पाऊल आला, आणि उघड्या असलेल्या एका डोळ्यानं त्यानं आपल्या सुनेकडं पाहिलं.

"तिलेच विचारा," तो म्हणाला. "ती सांगून राहिली ना."

मग तो पुन्हा खाली बसला, ह्या वेळी लोकांकडं तोंड करून. आनंदरावांनी टाक दौतीत बुडवला, आणि रुखमा सांगू लागली.